सहाध्यापकांची कार्यशाळा आणि वर्गाची भाषा : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

महाविद्यालयीन अध्यापकांच्या व्यावसायिक विकासाचा विचार मराठीत प्रामुख्याने तीन शब्दांच्या आश्रयाने चालतो : उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग आणि कार्यशाळा. तिन्ही शब्द इंग्रजी संज्ञांचे प्रतिशब्द म्हणून रूढ झाले. परंतु प्रतिशब्द एकदा भाषेत रुजला म्हणजे तो मूळ संज्ञेचा अर्थ तेवढाच वाहत नाही. आपल्या घरचा अर्थही बरोबर आणतो. उद्बोधनात कोणी तरी जागा असतो आणि कोणी तरी निजलेला. उजळणी म्हणजे पूर्वी पाठ केलेले पुन्हा म्हणून दाखविणे. पावकी, निमकी, पाऊणकी ह्यांच्या ओघात हा शब्द मराठी मनात बसलेला आहे. पहिल्या शब्दात अध्यापक अजाण ठरतो, दुसऱ्यात विसराळू. तिसऱ्या शब्दात मात्र तो हाताने काम करणारा मनुष्य आहे आणि म्हणून तिन्हींत हाच शब्द त्याच्या व्यवसायाला साजेसा आहे. दुर्दैव असे की, आज सर्वांत अधिक झीज झाली आहे ती ह्याच शब्दाची. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, दोन व्याख्याने, भोजन, आभार आणि प्रमाणपत्र एवढ्या सामग्रीवर ‘एकदिवसीय कार्यशाळा’ उभी राहते. तीत ‘कार्य’ नसते आणि ‘शाळा’ही नसते.

ह्या झिजेचे मूळ केवळ भाषेच्या शैथिल्यात नाही. विद्यापीठीय अध्यापकांच्या शिक्षणाची जी व्यवस्था देशात घडत गेली, तिच्या रचनेतच ते आहे. डॉ. राधाकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८–४९ मध्ये विद्यापीठांनी माध्यमिक शाळांतील व इंटरमीजिएट महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी उजळणी वर्ग चालवावेत, अशी शिफारस केली होती. कोठारी आयोगाने (१९६४–६६) नव्याने नेमलेल्या अधिव्याख्यात्यांच्या उद्बोधनाचा विचार केला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून निरनिराळ्या विद्यापीठांत अ‍ॅकेडमिक स्टाफ कॉलेजे स्थापन केली. मुंबई विद्यापीठातही असे केंद्र निघाले. २०१५ मध्ये ह्या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये ती पंडित मदनमोहन मालवीय ह्यांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षक प्रशिक्षण योजनेत सामील झाली. नावे पालटली, कल्पना फारशी पालटली नाही. अध्यापकाला त्याच्या वर्गातून उचलावे, तीन-चार आठवडे दुसरीकडे बसवावे, विषयातील तज्ज्ञांकडून त्याला नवे ज्ञान द्यावे आणि परत पाठवावे, अशी ही कल्पना आहे. तिच्या जोडीला पदोन्नतीची अट आली आणि उपस्थिती हाच वर्गाचा हेतू होऊन बसला.

ह्या केंद्रांनी काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तालुक्याच्या गावी एकट्याने विषय शिकविणाऱ्या अध्यापकाला तीन आठवडे विद्यापीठाचे ग्रंथालय आणि समविषयी मंडळींचा सहवास लाभणे ही लहान गोष्ट नव्हे. नव्या संशोधनाची वार्ता अनेकांना तेथेच प्रथम कळली. आक्षेप आहे तो वेगळा. वर्गात शिकविण्याची क्रिया, जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती ह्या व्यवस्थेत कोठेच दृष्टीस पडत नाही. अध्यापक तेथे बारा-पंधरा दिवस व्याख्याने ऐकतो आणि त्यांतील एखादे व्याख्यान ‘केवळ व्याख्यानपद्धती अपुरी आहे’ ह्या विषयावर असते. शाळेतील शिक्षक निदान शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन वर्गात येतो. प्राथमिक शिक्षकांसाठी तर महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही योजना आहे आणि जवळपासच्या शाळांतील शिक्षक एकत्र जमून शिक्षण परिषद भरवितात. तिची कार्यवाही किती ठिकाणी कागदापुरती होते हा प्रश्न निराळा. तत्त्व मान्य झालेले आहे. महाविद्यालयीन अध्यापकाला मात्र पदव्युत्तर पदवी आणि १९८९ पासून सुरू झालेली नेट किंवा तिची समकक्ष राज्य परीक्षा एवढ्यावर वर्ग मिळतो. त्याला शिकविताना पाहणारा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रौढ मनुष्य म्हणजे निवड समितीचा सदस्य होय.

ह्या पार्श्वभूमीवर सहाध्यापकांनीच एकमेकांसाठी चालविलेल्या अध्यापन-कार्यशाळेचा विचार करावयास हवा. ह्या प्रकाराचे सर्वांत सुघटित रूप कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७० च्या दशकाच्या अखेरीस महाविद्यालयीन अध्यापकांसाठी सिद्ध झाले. त्याला अध्यापन-कौशल्य कार्यशाळा म्हणता येईल. तिची रचना साधी आहे. एकूण अवधी सुमारे चोवीस तासांचा, तीन किंवा चार दिवसांत विभागलेला. चार ते सहा अध्यापकांचा एक गट; ते एकाच विषयाचे असावेत असा आग्रह नाही, उलट ते निरनिराळ्या विषयांचे असावेत अशीच अपेक्षा. प्रत्येकाने दहा-दहा मिनिटांचे तीन पाठ द्यावयाचे. पाठ चालू असताना उरलेले सहकारी विद्यार्थी होऊन बसतात, पाठ संपताच आपल्याला काय समजले आणि कोठे अडले हे लिहून काढतात व नंतर तोंडी सांगतात. पाठाचे चित्रमुद्रणही अध्यापकाला पाहावयास मिळते. पाठाची चौकट ठरलेली : विद्यार्थ्याच्या ठाऊक गोष्टीकडून विषयाकडे नेणारा सेतू, उद्दिष्ट, पूर्वज्ञानाची चाचपणी, विद्यार्थ्यांचा सहभाग, अखेरची चाचणी आणि समारोप. गटाचा संचालक हा कोणी तज्ज्ञ नसून ह्याच मार्गाने गेलेला व संचालनाचे वेगळे शिक्षण घेतलेला दुसरा अध्यापकच असतो.

ह्या रचनेची पूर्वपीठिका मराठी वाचकाला अपरिचित नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास निघालेले सूक्ष्म अध्यापन १९७० च्या दशकात बडोद्याच्या शिक्षण संशोधन केंद्रामार्फत भारतात प्रसृत झाले आणि आपल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत ते सूक्ष्म पाठ, सेतू पाठ आणि सराव पाठ ह्या क्रमाने स्थिरावले. त्याची पुढे काय गत झाली हेही सर्वांना माहीत आहे. पाठ टाचण आदल्या रात्री उतरवून काढावे, निरीक्षण वहीत खुणा कराव्यात, सही घ्यावी, अशा उपचारात ते अडकले. उपचार होण्याचे कारण असे की, शिकाऊ शिक्षकाला गुण देणारा निरीक्षक आणि त्याला साहाय्य करणारा सहकारी ह्या दोन भूमिका तेथे एकत्र झाल्या. कॅनडातील कार्यशाळेने ह्या दोन भूमिका विभक्त केल्या आणि मूल्यमापन गटाबाहेर ठेवले, हा तिचा मोठाच गुण मानावयास हवा. दुसरा गुण असा की, चर्चेचा विषय ‘अध्यापन’ ही अमूर्त कल्पना नसून नुकताच सर्वांसमक्ष झालेला दहा मिनिटांचा पाठ असतो. ज्या गोष्टीविषयी बोलावयाचे ती सर्वांनी पाहिलेली आहे, एवढी साधी अट आपल्याकडील कित्येक परिसंवादांस लावली तर ते भरणारच नाहीत.

तथापि ह्या रचनेत एक गृहीत दडलेले आहे आणि रायगडच्या किनाऱ्यावर ते तपासून घेतल्यावाचून तिचा स्वीकार करणे धोक्याचे ठरेल. सहकारी विद्यार्थी होऊन बसतो, असे म्हटले जाते. तो विषयाच्या बाबतीत अजाण असू शकेल. अर्थशास्त्राच्या पाठाला बसलेला वनस्पतिशास्त्रज्ञ खरोखरच अजाण असतो. पण तो भाषेच्या बाबतीत अजाण नसतो. प्रमाण मराठीत आणि इंग्रजीमिश्रित पाठ्यभाषेत त्याने वीस-पंचवीस वर्षे काढलेली असतात. ‘गृहीतक’, ‘तद्वत’, ‘परिणामी’, ‘अन्यथा’ ह्या शब्दांवर त्याचे पाऊल अडखळत नाही. वर्गातील मुलगा किंवा मुलगी जेथे अडते, नेमक्या त्या ठिकाणाहून सहकारी सहज पार होतो आणि खाली लिहितो : ‘विवेचन स्पष्ट व ओघवते.’ म्हणजे ज्या साधनाने वर्गातील अडचण दाखवावयाची, तेच साधन ती झाकून टाकते.

ह्या किनाऱ्यावर ही अडचण किती खरी आहे, हे उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वर्गांत कोण बसलेले असते ते पाहिले म्हणजे ध्यानात येते. आगरी, कोळी आणि कुणबी घरांतील मुले बहुसंख्य. त्यांच्या घरच्या बोलींकडे भाषाशास्त्राने दुर्लक्ष केले आहे असे नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) उत्तर कोकणातील बोलींचे नमुने आहेत, डॉ. अ. मा. घाटगे ह्यांनी मराठी बोलींच्या पाहणीच्या मालेत महाडच्या कुणबी बोलीचा स्वतंत्र ग्रंथ १९६६ मध्ये दिला. मुरूड तालुक्यात कोर्लई येथे सुमारे हजार माणसांच्या घरात पोर्तुगीजपासून झालेली मिश्रभाषा आजही बोलली जाते. चौल-कोर्लईवरील पोर्तुगीजांची सत्ता १७४० मध्ये संपली, भाषा मागे राहिली; क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्यांनी १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्या घरातून येणाऱ्या मुलाला मराठी हीच मुळात शाळेची भाषा आहे. हे सारे ज्ञान ग्रंथालयात आहे. त्याच तालुक्यांतील महाविद्यालयांच्या वर्गात ते अजून पोचलेले नाही.

एक उदाहरण विस्ताराने घेण्यासारखे आहे. उत्तर कोकणातील आगरी-कोळी बोलींत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि शब्दाच्या मध्ये येणाऱ्या ‘ड’च्या जागी पुष्कळदा ‘र’ उच्चारला जातो : पाणी–पानी, डोळा–डोला, घोडा–घोरा. ही बेपर्वाई नव्हे. ही नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे आणि ज्याला नियम ठाऊक आहे, त्याला एका रूपावरून दुसऱ्याकडे जाता येते. अडचण येते ती उलट्या वाटेने. प्रमाण भाषेत जेथे दोन शब्द आहेत तेथे बोलीत एकच ध्वनिरूप उरते : काळ आणि काल, वेळ आणि वेल, गाळ आणि गाल, मूळ आणि मूल. आता ही जोडपी पाठ्यपुस्तकात कोठे भेटतात ते पाहावे. भूगोलात गाळाची मैदाने, वनस्पतिशास्त्रात सोटमूळ, गणितात वर्गमूळ, व्याकरणात भूतकाळ. विद्यार्थी ‘गालाची मैदाने’ लिहितो आणि वर्गात हशा पिकतो. तो विद्यार्थी पुढे तोंडी उत्तर देणे सोडतो. काही दिवसांनी लेखी उत्तरही आखूड होते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती चूक लेखनाची असते, तरी गुण जातात ते भूगोलाचे. ह्याहून सूक्ष्म प्रकार अतिशुद्धीचा. हशाचा अनुभव घेतलेला विद्यार्थी जपून लिहू लागतो आणि जेथे ‘ल’च हवा तेथेही ‘ळ’ घालतो; ‘काल’चा ‘काळ’ आणि ‘फूल’चे ‘फूळ’ होते. ह्या दुसऱ्या चुकीतून विद्यार्थ्याचे अज्ञान दिसत नाही, त्याची धडपड दिसते. आणि ती ओळखण्याचे शिक्षण कोणत्याही उजळणी वर्गात दिले जात नाही.

म्हणून सहाध्यापकांच्या कार्यशाळेचा पुरस्कार करावयाचा असेल तर तिच्या साक्षीदारांत भर घालणे अवश्य आहे. सहकाऱ्याच्या लेखी अभिप्रायाशेजारी खऱ्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या वह्या ठेवल्या पाहिजेत. एकाच तासाला दहा विद्यार्थ्यांनी घेतलेली टिपणे आणि त्या तासाचे ध्वनिमुद्रण ही शेजारीशेजारी ठेवली, तर अध्यापकाने काय म्हटले आणि वहीत काय उतरले ह्यांतील अंतर ओळीओळीने मोजता येते. वही तपासण्याच्या हेतूने ती मागू नये आणि तीवर नाव असू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही रीत नवी वाटणार नाही. वर्णनात्मक भाषाशास्त्राच्या क्षेत्रकार्यात संशोधक हा शिकाऊ असतो आणि बोली बोलणारा निवेदक हा जाणता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे ह्यांच्या नेतृत्वाखाली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५४ पासून भाषाशास्त्राची जी सत्रे भरली, त्यांतून विद्यापीठांतील भाषाध्यापकांची एक पिढी ह्या दृष्टीत तयार झाली. ती दृष्टी बोलींच्या अभ्यासापुरती राहिली; वर्गाच्या अभ्यासाकडे वळली नाही, ह्याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा इतिहास ह्या बाबतीत बोधप्रद आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा अलिबागेस हलविण्यात आली, तेव्हा १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणचे वेध बरोबरीने घेऊन त्यांची तुलना करण्यात आली. एका उपकरणाच्या साक्षीवर भागविले गेले नाही. वर्गाच्या बाबतीत सहकारी हे एक उपकरण आहे. विद्यार्थ्याची वही हे दुसरे.

दुसरी भर अधिक नाजूक आहे. ह्या किनाऱ्यावरील महाविद्यालयांत आज आगरी, कोळी, कुणबी घरांतून आलेले अध्यापकही आहेत. दोन्ही भाषाव्यवस्था ज्यांना आतून ठाऊक आहेत असे हे एकमेव साक्षीदार. परंतु आपल्या उच्चारातून घरची बोली पुसून टाकण्यासाठी त्यांतील अनेकांनी फार मोठी किंमत मोजलेली असते. तीच बोली व्यावसायिक भांडवल म्हणून सहकाऱ्यांसमोर मांडावयास सांगणे हे मागणे लहान नाही. ते कोणी आज्ञेने करवू शकत नाही. गटाने आधी त्या ज्ञानाची गरज दाखविली, तर ते आपोआप बाहेर येण्याचा संभव असतो.

भरती-ओहोटी ह्या विषयावरील दहा मिनिटांचा पाठ कल्पून पाहिला म्हणजे हे स्पष्ट होईल. भूगोलाचा अध्यापक फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काढतो, अमावास्येला व पौर्णिमेला ती एका रेषेत येतात म्हणून उधाणाची भरती, अष्टमीला काटकोन होतो म्हणून भांगाची भरती, असे सांगतो. गणिताचा, मराठीचा आणि वाणिज्याचा सहकारी समोर बसलेला असतो. चौकटीप्रमाणे सारे घडते. सेतू म्हणून अध्यापकाने अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते ह्याचा उल्लेखही केलेला असतो. अभिप्राय अनुकूल येतो. आता त्याच गटात कोळीवाड्यात वाढलेला एक सहकारी असला आणि त्याने तोंड उघडले, तर तो सांगेल की, ‘उधाण’ आणि ‘भांग’ हे शब्द वर्गातील निम्म्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. ते त्यांच्या घरातून पुस्तकात गेलेले आहेत. तो आणखी सांगेल की, तिथीला पाऊणाने गुणले म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरील जुन्या माणसांच्या जिभेवर असतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावयाचे.

येथे पाठ खऱ्या अर्थाने सुरू होतो. गणिताचा अध्यापक, जो आतापर्यंत सौजन्याने ऐकत होता, विचारील : पाऊणच का? पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्राला पुन्हा त्याच जागी येण्यास चोवीस तास पन्नास मिनिटे लागतात. तिथी मात्र सरासरीने सूर्यदिवसाहून थोडी आखूड. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरावयाची तर तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटे येतात. म्हणजे पाऊणकीचा हिशेब तिथीगणिक तीन मिनिटांनी मागे पडतो, अष्टमीला सुमारे चोवीस मिनिटांनी, आणि पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासाने. मग अमावास्या किंवा पौर्णिमा येऊन मोजणी पुन्हा शून्यावर जाते आणि चूक साठत नाही. होडी लोटणाऱ्याला एवढी अचूकता पुरते. ती का पुरते, कोठे पुरत नाही आणि सूत्र सोपे ठेवण्यासाठी अचूकतेचा किती अंश सोडला, हे प्रश्न भूगोलाचे, गणिताचे आणि वैज्ञानिक विचारपद्धतीचे एकदम आहेत. विद्यार्थ्याजवळ उत्तराचा अर्धा भाग होता, अध्यापकाजवळ दुसरा. दोहोंची गाठ पडली नव्हती, कारण विद्यार्थ्याला आपल्याजवळचे ज्ञान हे ‘ज्ञान’ आहे असे कोणी सांगितले नव्हते आणि ते सांगण्याची भाषा वर्गात हशाला पात्र ठरली होती. उजळणी वर्गाची व्यवस्था ह्या गाठीपर्यंत पोचू शकत नाही. तिच्या तज्ज्ञाला मुरूडच्या वर्गातील तिथीचे गणित ठाऊक असण्याचे कारण नाही.

ह्यावरून असेही दिसते की, निरनिराळ्या विषयांच्या अध्यापकांचा गट ही तडजोड नसून गरज आहे. किनाऱ्यावरील लहान महाविद्यालयांत बहुतेक विषयांना एकच अध्यापक असतो. समविषयी सहकारी हवा तर तो खाडीपलीकडे भेटणार. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट ह्या खाड्यांनी हा किनारा तुकड्यातुकड्यांत विभागलेला आहे. आगरदांड्याहून दिघीस जंगलबोटीने उतरणे आणि तोच प्रवास खाडीला वळसा घालून करणे ह्यांतील फरक तेथील प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबईच्या केंद्रात बसून आखलेल्या योजनांत हा भूगोल क्वचितच दिसतो.

आणखी एका गृहीताची चिकित्सा केली पाहिजे. ‘सहाध्यापक’ ह्या शब्दात समानता अभिप्रेत आहे. महाविद्यालयात ती कितपत असते? विभागप्रमुख, कायम सहायक प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक हे तिघे एकाच गटात बसले म्हणजे समान होत नाहीत. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन घेतलेल्या तासांवर अवलंबून असते. तीन दिवसांची कार्यशाळा म्हणजे त्याच्या तीन दिवसांच्या मिळकतीचा प्रश्न. पदोन्नतीची शिडी त्याला लागू नाही, म्हणून प्रमाणपत्राचाही त्याला उपयोग नाही. आणि पुढल्या वर्षीची नेमणूक ज्याच्या शिफारशीवर अवलंबून आहे, त्या ज्येष्ठाला ‘सर, आपला पाठ समजला नाही’ असे तो सांगणार कसा? अनेक वर्ग मात्र आज ह्याच अध्यापकाच्या खांद्यावर आहेत. कार्यशाळेची जी प्रशंसापर वर्णने वाचावयास मिळतात, त्यांत ही बाजू बहुधा गाळलेली असते. गट बनविताना ज्येष्ठ आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे ह्यांना वेगळ्या गटांत बसविणे, आणि शक्य तेथे दोन महाविद्यालयांतील अध्यापकांचे मिश्र गट करणे, हा निदान एक उपाय आहे. कार्यशाळेच्या दिवसांचे मानधन देणे हा दुसरा; आणि तो अधिक महत्त्वाचा.

अभिप्रायाच्या भाषेचा प्रश्न ह्यातूनच उद्भवतो. मराठी सुशिक्षितांच्या व्यवहारात प्रतिकूल मत सांगण्याच्या दोनच रीती रूढ आहेत. एक स्तुतीत गुंडाळून ते नाहीसे करण्याची, दुसरी उणेपणा काढण्याची. पहिलीत पाठ ‘छान’ होतो, दुसरीत अध्यापक वाईट ठरतो. कॅनडातील कार्यशाळेने ह्यासाठी संकेत घालून दिला आहे : अभिप्राय देणाऱ्याने शिकणारा म्हणून आपल्याला काय वाटले तेवढेच सांगावे. हा संकेत इंग्रजीत शिकवावा लागतो. मराठीच्या व्याकरणात त्याची सोय आधीच आहे. ‘तुम्ही नीट सांगितले नाही’ ह्या वाक्यात कर्ता आहे आणि म्हणून दोषी आहे. ‘मला कळले नाही’ ह्या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत आहे आणि कर्त्याच्या जागी कळावयाची गोष्ट. कळणे, सुचणे, आठवणे, जमणे, पटणे ही मराठीतील क्रियापदांची सबंध मालिका अशी आहे की, तिच्यात घडलेल्या गोष्टीची जबाबदारी कोणावरही न टाकता ती घडली किंवा घडली नाही असे सांगता येते. ‘चंद्राला पन्नास मिनिटे अधिक का लागतात, ते मला कळले नाही’ हे वाक्य कनिष्ठाने ज्येष्ठाला म्हटले तरी मर्यादाभंग होत नाही आणि त्यातील माहिती पुरी राहते. अर्थात व्याकरणाने धैर्य येत नाही. आलेल्या धैर्याला वाट मात्र मिळते. लेखी अभिप्रायाचा कागद ह्याच वाक्यरचनेत आखून दिला — ‘मला … कळले’, ‘मला … पर्यंत कळले’, ‘मला … पटले नाही’ — तर ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ ह्या खुणांच्या रकान्यांपेक्षा तो निश्चितच अधिक बोलका होईल.

चौकटीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. सेतूपासून समारोपापर्यंतच्या सहा पायऱ्या नवागताला आधार देतात. परंतु दहा मिनिटांत सहा पायऱ्या चढणारा पाठ पुष्कळदा पायऱ्याच मोजत राहतो. काव्याचा एखादा चरण, एखादा कूट पुरावा किंवा भाषेतील एखादा अपवाद ह्यांचे अध्यापन उद्दिष्ट आधी जाहीर करून होत नाही. तेथे शोधाची वाट लपलेली असणे हाच अध्यापनाचा प्राण असतो. सूक्ष्म अध्यापनाची जी गत शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत झाली, ती ह्या चौकटीचीही होणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पहिला पाठ चौकटीत, दुसरा तिच्यात सोयीचा फेरफार करून आणि तिसरा चौकट टाकून द्यावा, अशी मुभा ठेवणे इष्ट दिसते. महाविद्यालयीन अध्यापकाचा मान ज्या वक्तृत्वावर महाराष्ट्रात एवढा काळ अवलंबून राहिला, त्या वक्तृत्वालाही तिसऱ्या पाठात जागा मिळावी. ‘अधिव्याख्याता’ हे पदनाम कागदावरून गेले म्हणून उत्तम व्याख्यान ही कला टाकाऊ ठरत नाही. ते व्याख्यान वहीत कसे उतरते, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

राहता राहिला हिशेबाचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी पदोन्नतीसाठीचे वर्ग सलग आठवड्यांच्या मापाने मोजले. ह्या मापात महिन्यातून एकदा चार तास बसणारा गट कोठेच बसत नाही, जरी सहा बैठकांत त्याचे चोवीस तास पुरे होत असले तरी. आणि एका बैठकीनंतर दुसरीपर्यंत मध्ये महिनाभर खरा वर्ग चालू राहणे, पाठात केलेला पालट तेथे करून पाहणे, नव्या वह्या गोळा होणे, हाच तर ह्या रीतीचा लाभ. सलग आठवड्याचा आग्रह तो लाभ नेमका काढून घेतो. विद्यापीठाने हे तास मान्य करावेत की नाही, ह्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मान्यता मिळाली तर गट वाढतील आणि त्याबरोबर सह्यांचा उपचारही वाढेल. न मिळाली तर गट थोडे राहतील, पण जे येतील ते पाठासाठी येतील. तूर्त दुसरा पर्याय बरा वाटतो. अलिबाग आणि मुरूड, किंवा म्हसळा आणि श्रीवर्धन, अशा दोन-दोन गावांतील पाच-सहा अध्यापकांनी जुलैपासून डिसेंबरपर्यंत महिन्याची एक दुपार काढावी. त्यासाठी निधीची, पाहुण्यांची किंवा फलकाची जरूर नाही. ती दुपार कोणत्या वाराची असावी, हे मात्र तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे वेळापत्रक आधी पाहून ठरवावे लागेल.